स्वच्छ हातांचा सेनापती

३१ ऑगस्ट, रविवार. सकाळी ७
जीनानमध्ये सहावा दिवस. आजपासून रोजनिशी. नेब्रास्कातल्या मक्याच्या गावातला पोरगा चार महिन्यांत चीन जिंकून कसा आला, असं पुढे लोक विचारतील. तेव्हा पुरावा हवा.
संकल्प: रोज शंभर अक्षरं पाठ. रोज तीन मैल पळणे. इंग्रजी बंद. कुणाचं ऐकून घेणं बंद.

दुपारी २
पळणं उद्यापासून. आज बस पकडायची होती. इथे बसला रांग नसते, चढाई असते. कुणीतरी बरगडीत कोपर घातलं. मीही घातलं. पुढची बाई सत्तरीची निघाली. तिच्या हातात कांद्याच्या पातीची जुडी होती. इथली पात कमरेएवढी उंच आणि बुंध्याला मनगटाएवढी जाड असते. तीन फटके बसले. दोन पाठीत, एक कानावर. सगळी बस हसली, म्हणजे मला आपला मानलं. उतरल्यावर आधी सॅनिटायझर चोळलं. आईने बारा बाटल्या दिल्यात, मोसंबीच्या वासाच्या. एक कायम पट्ट्याला लटकलेली असते. लढाईत अर्धी माणसं घाणेरड्या हातांनी मरतात, हे आमच्या आईचं वाक्य. ती दंतवैद्याकडे रिसेप्शनला आहे.

६ सप्टेंबर, शनिवार
अक्षरं: रोज साठ. शंभर हा आकडा दिखाऊ वाटला.
ज्यांच्या घरी राहतो ते दोऊ काका चौऱ्याहत्तर वर्षांचे. कापडगिरणीत फिटर होते. काकू साठीच्या पुढची, पण मनगट लोहाराचं. आज तिने जिवंत मासा ओट्यावर आपटला, सुऱ्याच्या पाठीने त्याच्या डोक्यात दोन घातले आणि त्याच सुरात मला विचारलं, झोप लागली का रे नीट? मी हो म्हणालो. नाही म्हणायची हिंमत कुणाला होती?
काकांच्या खोलीत मांडणीवर मातीची अठ्ठेचाळीस झाकणाची भांडी आहेत. प्रत्येकात एक रातकिडा. मी विचारलं, तळून की उकडून? काकांनी कपाळावर हात मारून घेतला. म्हणाले, अरे गाढवा, हे पैलवान आहेत.

८ सप्टेंबर, सोमवार
आज सण. पौर्णिमेचे गोड केक. काकूच्या भावाला, म्हणजे पाओत्येन मामांना, आमंत्रण नव्हतं. अकरा वर्षं ते या घरात जेवलेले नाहीत. राहतात मात्र समोरच्याच इमारतीत.
कारण एक भांडं. काकूच्या वडिलांचं रातकिड्याचं जुनं भांडं होतं. मरताना त्यांनी ते मुलाला न देता जावयाला दिलं. मामा म्हणाले, दाजी, भांडं रक्ताचं असतं. काका म्हणाले, भांडं किडा सांभाळणाऱ्याचं असतं. मग ठरलं की दर शरदात एक झुंज, जिंकेल त्याच्याकडे वर्षभर भांडं. गेली तीन वर्षं ते मामांकडे आहे. यंदा काकांना ते परत हवंय. हे सांगताना त्यांनी चहाचा पेला दोन्ही हातांनी धरला होता. बहुतेक थंडी वाजत असावी. बाहेर तीस डिग्री होतं.

१४ सप्टेंबर, रविवार
पहिली झुंज पाहिली. सायकलवाल्याच्या दुकानामागे पत्र्याची शेड आहे, तिथे. पारदर्शक पेटी, मधे पडदी. दोन्हीकडचे मालक गवताच्या बारीक काडीने आपापल्या किड्याचा जबडा चाळवतात. किडा चिडला, जबडे फाकले की पडदी उचलायची. मग जे होतं ते मी टीव्हीवरही पाहिलेलं नाही. जबड्यात जबडा. एकाने दुसऱ्याला उचलून पाठीवर आपटलं, पुढचा पाय मुळापासून उपटला आणि तो पाय तोंडात धरून गायला लागला. हरलेला पाच पायांवर भिंतीकडे पळत सुटला. त्याचा मालक म्हणाला, जा, कोंबडीला जा. आणि खरंच दिला कोंबडीला.
काकांचा जांभळा जिंकला. त्याचे जबडे जांभळट आहेत म्हणून मी ठेवलेलं नाव. काका नाव ठेवत नाहीत. म्हणतात, नाव ठेवलं की मरतो.
मला माझं क्षेत्र सापडलं आहे. अक्षरं थांबली तरी चालतील.

१७ सप्टेंबर, बुधवार
स्वतःचा किडा घेतला. नाव: हातोडा. काकांनी नियम सांगितले. किड्याजवळ तंबाखू नको, दारू नको, साबण नको, अत्तर नको, लसूण खाल्लेलं तोंड नको. त्याचं सगळं जग वासावर चालतं, म्हणाले. सिगरेटवाल्याने काडी धरली तर किडा लढायचा सोडून पळायला बघतो.
यातलं एकही व्यसन मला नाही. माझ्यासारखा निर्व्यसनी माणूस काकांना या गल्लीत शोधून मिळायचा नाही. त्यांचा स्वतःचा मुलगा शेनझेनला असतो आणि दिवसाला दोन पाकिटं ओढतो.
हातोड्याचं भांडं सॅनिटायझरने आतून पुसून घेतलं. जंतू नकोत. उकडलेल्या भाताचं शीत स्वतःच्या बोटाने भरवलं. बोट अर्थात आधी स्वच्छ केलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
हातोडा वारला. झुंज न देता. भित्रा होता.

२२ सप्टेंबर, सोमवार
हातोडा दुसरा: वारला. हातोडा तिसरा: पाय वर करून पडलाय, मिशा तेवढ्या हलतात. निष्कर्ष असा की या पिढीच्या किड्यांत दमच नाही. माझी शिस्त त्यांना झेपत नाही.
चिनी भाषेच्या वर्गात चाचणी झाली. शंभरपैकी एकतीस. मास्तरीण बाई म्हणाल्या, वेन, तुझा आत्मविश्वास एकशे एकतीस आहे. कौतुक लक्षात ठेवलं. (वेन हे माझं इथलं नाव. मूळचा वेंडल.)

२८ सप्टेंबर, रविवार
आज शेडमध्ये गडबड झाली. जांभळ्याची तिसरी झुंज. काडी धरताना काकांचा हात थरथरला. थोडा नाही, चांगला पेला सांडेल एवढा. काडी जांभळ्याच्या डोळ्याशी गेली. काकांनी झटकन हात खिशात घातला आणि म्हणाले, डास चावला. जांभळा जिंकला, पण कसाबसा. मिशीचा तुकडा गमावून.
घरी आलो. मग दार लावून मला म्हणाले, वेन, हात पुढे कर. दोन्ही हात पुढे केले. त्यांनी पाच मिनिटं बघितलं. बोट हललं नाही. (लहानपणी मक्याच्या शेतात तुरे खुडायचो.) म्हणाले, बारा तारखेला काडी तू धरायचीस. नियम असा आहे की काडी घरातल्याच माणसाने धरायची. मी सांगेन, हा घरचाच आहे. आणि हाताचं बाहेर बोलायचं नाही. पाओत्येनला कळलं तर तो मला भांडं दया म्हणून देईल. त्यापेक्षा मेलेलं बरं.
म्हणजे काकांनी अखेर माझ्यातला सेनापती ओळखला. घरचाच आहे! हे वाक्य तीनदा लिहून ठेवतो. घरचाच आहे. घरचाच आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार
राष्ट्रीय सुट्टी. रस्त्यावर झेंडे, घरात सराव. आधी उकडलेल्या शेवईवर काडी फिरवली. मग साध्या किड्यांवर. हात दगडासारखा स्थिर. काका म्हणाले, वा! पण किडे मागे सरकतात. मिशा झटकतात, तोंड फिरवतात. काका वैतागले. म्हणाले, यंदाचा माल भिकार, गावाकडे रानात औषधं मारतात त्याचा परिणाम. मला पटलं.
जांभळ्याला मात्र हात लावू देत नाहीत. म्हणाले, तलवार एकदाच काढायची.

५ ऑक्टोबर, रविवार
काकू म्हणाली, पोरा, तुझ्या हाताला दवाखान्याचा वास येतो. मी म्हणालो, धन्यवाद. ती म्हणाली, मी कौतुक करत नाहीये. या घरातल्या बायकांना कौतुक करता येत नाही.
काकांना हल्ली कसलाच वास येत नाही. काल वांगी करपली, शेजारी खिडकी उघडून विचारत होते आग लागली का, आणि काका म्हणाले, छान झालीत. काकू म्हणाली, अहो म्हातारबा, तुमचं नाक गिरणीतच राहिलं. मग चेहरा फिरवून तिने भांडी जरा जास्तच जोरात घासली.
अक्षरं: रोज चार. पण मनापासून.

११ ऑक्टोबर, शनिवार
जिन्यात पाओत्येन मामा भेटले. छाती अशी की दार अडेल. म्हणाले, ऐकलं की दाजींनी यंदा हात भाड्याने आणलाय. मी म्हणालो, भाड्याने नाही, मी घरचाच आहे. ते इतके हसले की कठडा धरावा लागला. म्हणाले, घरचा माणूस अमेरिकेतून मागवावा लागला? मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं की उद्या तुमच्या किड्याचे दात पाडून तुमच्या हातात देईन. ते म्हणाले, किड्याला दात नसतात. वादात हरले की लोक असे तपशिलात शिरतात.
उद्याचा बेत पक्का आहे. विजय, भांडं, मग घरी जेवण. मी उभा राहून दोन शब्द बोलणार. भाषण लिहून झालं. त्यात दोन ठिकाणी टाळ्यांसाठी थांबायचं आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ९
काकांनी अंगावर नवा कोट घातलाय. बटणं काकूने लावून दिली. दहा मिनिटं लागली.
जांभळ्याजवळ काल मादी ठेवली होती, त्यामुळे तो चेवात आहे. भांड्यातून आवाज येतोय. काका भांड्याला कान लावून बसलेत आणि हसतायत. त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

दुपारी १
आत्ता लिहितो. ओठ फाटलाय, वहीवर रक्ताचे डाग पडले तर ते माझे.
शेडमध्ये तीस माणसं. टेबलावर ते जुनं भांडं. काळपट, झाकणावर कोरलेलं नाव घासून गेलेलं. काकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की काडी वेन धरेल, तो घरचाच. कुणी हसलं नाही. एकेकाने पुढे येऊन माझा हात हातात घेतला. आठ जण. दोघे मेकॅनिक, बोटं काळी. मामांनीही घेतला आणि चांगला दाबला.
एवढे हात हातात आल्यावर आपली खबरदारी आपण घ्यायची. पट्ट्याची बाटली काढली. दोनदा दाबली. बोटांच्या फटीत, नखांत, मनगटापर्यंत. मग काडी उचलली. काडीही पुसून घेतली.
मामांचा किडा पिवळा, डोक्याने मोठा. मामा सिगरेट ओढतात, म्हणून काडी त्यांच्या मुलाने धरली. काडी लागताच जबडे फाकून तयार. मी जांभळ्याला काडी लावली. तो मागे सरला. पुन्हा लावली. तो पुढच्या पायांनी मिशा पुसायला लागला, डोळ्यांत काही गेल्यासारखा. आणखी जोरात लावली. त्याने पाठ फिरवली. पंच म्हणाला, वेळ झाली. पडदी उठली.
चाळीस सेकंद. पिवळ्याने त्याला मागून धरलं. मागचा मोठा पाय मुळापासून उखडला. उलटा पाडला, पोटावर जबडा रोवला, उचलून पेटीच्या भिंतीवर आपटला, पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. पाय पेटीच्या कोपऱ्यात पडून एकटाच हलत होता. मग पिवळा गायला. ज्या किड्याने तिघांना फाडलं त्याने एकदाही जबडा उघडला नाही.
काकांनी जांभळ्याला तळहातावर घेतलं.
माझं डोकं सटकलं. उघड लबाडी होती! मी ओरडलो की मामांनी जांभळ्यावर काहीतरी मारलंय, हा माणूस चोर आहे. मामांनी कानफटात वाजवली. मी ठोसा मारला. तो पंचाच्या नाकावर बसला, कारण पंच मधे आला. चूक पंचाची. पंचाच्या भावाने माझ्या पोटात गुडघा घातला. कुणीतरी सायकलचा पंप उचलला. काका मधे पडले तर मामांच्या कोपराने त्यांची भुवई फुटली, आणि ते रक्त पाहून मी मान खाली घालून बैलासारखा मामांवर धावलो. मामा बाजूला झाले. टेबल झालं नाही.
भांडं फरशीवर पडलं. आवाज फार मोठा नव्हता.

दुपारी ३
राहिलेलं लिहून टाकतो, नंतर लिहवणार नाही.
मामांनी माझं मनगट पकडलं, मारायला. पण थांबले. माझा पंजा नाकाशी नेला. हुंगला. मग शेजाऱ्याच्या नाकाशी नेला. म्हणाले, दारू! मोसंबीची दारू चोळलीय गाढवाने! ती काडी आणा. काडी हुंगली. तीस माणसांच्या हातांतून माझी काडी फिरली. कुणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.
मी समजावलं की ही दारू नाही, जंतुनाशक आहे, बाटलीवर फक्त बासष्ट टक्के लिहिलंय. कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं.
मामा ओरडले, दाजी, तुम्हाला एवढा वास आला नाही? काका खाली वाकून खापऱ्या गोळा करत होते. एक उचलायचे, ती खाली पडायची. पुन्हा उचलायचे, पुन्हा पडायची. खापरी खापरीवर वाजत होती. ते वाजणं सगळ्या शेडने ऐकलं. मामा बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले. मग एकदम बारीक आवाजात म्हणाले, हे कधीपासून? काका म्हणाले, गप्प बस. मामा म्हणाले, अकरा वर्षं समोर राहतो मी. काका म्हणाले, म्हणूनच.
मग मामा गुडघ्यांवर बसले आणि खापऱ्या उचलून काकांच्या कोटाच्या खिशात घालू लागले.
तेवढ्यात काकू पातीची जुडी घेऊन आली आणि तिघांनाही झोडलं. वयानुसार कमी-जास्त. मला सगळ्यांत जास्त.

१३ ऑक्टोबर, सोमवार
शांतपणे विचार केला. अकरा वर्षांचं वैर होतं ते एका भांड्यामुळे. आता भांडंच नाही. म्हणजे मी मूळ कारणावर घाव घातला. थोरांच्या कामाचं चीज उशिरा होतं.
पंचाचं नाक मोडलेलं नाही. नुसतं वाकलंय.

१९ ऑक्टोबर, रविवार
पाओत्येन मामा घरी जेवायला आले. काकूने मासा असा आपटला की ओट्याची फरशी तडकली, आणि मग रडली. मामा आणि काका माझ्यावर पोट धरून हसले. मामांनी माझी नक्कल केली, बाटली दाबतानाची. फार हुबेहूब. मी भाषणाचा कागद खिशात घेऊन बसलो होतो.
जेवण झाल्यावर मामा म्हणाले, पुढल्या शरदात काडी मी धरीन, दाजी, तुमच्या किड्यासाठी. परवाच सिगरेट सोडली. काका म्हणाले, आणि समोर लढायला कोण? मामा म्हणाले, आहे की सगळं शहर. मग दोघे सरावाला बसले. मला शेवया उकडायला सांगितल्या.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ८
काल इथल्या पंचांगात दंव उतरण्याचा दिवस होता. रात्रीत थंडी उतरली. जांभळा पाच पायांवर बारा दिवस जगला. सकाळी झाकण उघडलं तर मरून पडलेला. काकांनी त्याला कोंबडीला दिलं नाही. कुंडीत पुरला.
उरलेल्या नऊ बाटल्या मोरीत ओतल्या. बारा दिवस नुसत्या पाण्याने हात धुतोय. वास जात नाही. मला तरी येतो.
इथे लिहायला हरकत नाही, दुसरं कुणी वाचणार नाही. हातोडे मी मारले. तिन्ही. आणि काकांना हरवलं ते पिवळ्याने नाही, मामांनी नाही. मी हरवलं. त्यांनी सगळ्यांसमोर मला घरचा म्हटलं होतं आणि मी आठ जणांचे हात लागले म्हणून ते पुसून टाकलं.

सकाळी १०
काका खोलीत आले. डिसेंबरमध्ये मी जाणार, पुढल्या शरदात मी नाही, हे दोघांनाही माहीत आहे. म्हणाले, हात पुढे कर. केले. त्यांनी थरथरत्या हातांत माझे दोन्ही हात धरले, नाकाशी नेले आणि डोळे मिटून बराच वेळ हुंगत राहिले.
म्हणाले, मला तर कसलाच वास येत नाही.